नववीचा धडा बघायला वॉशिंग्टनला

मावशीने सूटकेस उघडली तेव्हा सर्वांत वर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता, त्याखाली शेंगदाण्याची चटणी आणि तिच्याखाली इतिहासाचं नववीचं पाठ्यपुस्तक. मावशी नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवायची. यंदा निवृत्त झाली आणि दोन महिन्यांसाठी माझ्याकडे ओहायोत आली. कोलंबस शहराजवळच्या डब्लिन या गावात मी राहते आणि फोटोकॉपीच्या यंत्रांची भिंगं तपासायचं काम करते.

"नायगारा बघायचा का?" मी विचारलं.

"पाणी काय, नागपुरातही आहे," मावशी म्हणाली. तिने पुस्तक उघडून एक पान माझ्यापुढे धरलं. 'युरोपातील प्रबोधन'. मध्ययुग संपल्यावर कला, विद्या आणि धर्म कसे बदलले, असे तीन भाग. पोस्टाच्या तिकिटाएवढी काळीपांढरी चित्रं, शाई पसरलेली. "हा धडा आयुष्यभर शिकवला. यातलं एक चित्र रंगीत पाहिलेलं नाही. अशी चित्रं इकडे कुठे आहेत का?"

वॉशिंग्टनला आहेत. गाडीने एका दिवसाचा रस्ता. मी कोलंबस डेची जोडून आलेली सुट्टी धरली. कोलंबस गावातून कोलंबस डेला कोलंबसच्या काळातली चित्रं बघायला जायचं, हे मावशीला फार आवडलं.

मुक्कामासाठी इथल्या मराठी माणसांची नेहमीची पद्धत वापरली. कोलंबसच्या मराठी मंडळातल्या एका बाईंना फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, त्यांनी तिसरा, आणि शेवटी मेरीलँडमधल्या रॉकव्हिलच्या दातेकाकूंनी, मला कधीही न पाहता, "हॉटेलात राहिलात तर मी रागावेन" असं सांगितलं. ज्यांना अशी सहल करायची असेल त्यांनी न लाजता हेच करावं. जाताना घरचं लोणचं न्यावं. हॉटेलच्या खर्चापुढे लोणचं स्वस्त पडतं.

काकूंनी फोनवर आणखी एक विचारलं. रविवारी त्यांच्याकडे दसरा होता. दहाबारा कुटुंबं येणार होती. मावशी इतिहासाच्या बाई, तर प्रबोधनावर मुलांना अर्धा तास काही सांगतील का? मावशी लगेच हो म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध आहोत. मावशी लहान असताना, छप्पनच्या दसऱ्याला, नागपुरात लाखो माणसांबरोबर आजी-आजोबांनी धर्म बदलला. पुढे मावशी शाळेत लागली आणि पहिल्याच वर्षी त्या धड्याच्या तिसऱ्या भागात, धर्माच्या भागात, तिने मुलांना घरचं उदाहरण दिलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "बाई, अभ्यासक्रमापुरतं ठेवा." तेव्हापासून ती कला आणि विद्या रंगवून शिकवायची आणि तिसरा भाग पुस्तकातून नुसता वाचून दाखवायची. हे तिने मला आताच, ओहायोत, चहा पिताना सांगितलं.

आणि मी? मंडळात मला कुणी थेट विचारलेलं नाही, मी आपणहून सांगितलेलं नाही. बुद्धाची तसबीर माझ्या झोपायच्या खोलीत असते. म्हणून निघायच्या आधी मी मावशीला म्हटलं, "तिथे युरोपापुरतंच बोल."

"काहून?"

"लोक चांगले आहेत. उगाच कशाला?"

"बघू," मावशी म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ नागपुरात सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवारी दुपारी निघालो. रस्ता सोपा आहे: सत्तर नंबरचा हायवे पूर्वेकडे, व्हीलिंगला नदी ओलांडून पुढे पेनसिल्व्हेनियात, मग थोडा टोलचा रस्ता आणि ब्रीझवूडला खाली मेरीलँडकडे. ब्रीझवूडला सगळे पेट्रोल भरतात, आपणही भरावं. तिथे कॉफी वाईट आणि स्वच्छतागृह चांगलं. ताशी पासष्ट मैलांच्या मर्यादेत माझी जुनी जपानी गाडी खूश असते. डोंगर चढताना मात्र एसी बंद करावा लागतो, नाहीतर ट्रकवाले मागून दिवे दाखवतात. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंची झाडं लाल-पिवळी झालेली असतात. मावशी पुऱ्या खात खिडकीतून बघत होती.

"हे सगळं आपोआप होतं?" तिने विचारलं.

"हिरवा रंग आधी जातो. खालचे रंग होतेच, ते दिसायला लागतात."

"असं असतं होय," म्हणून तिने मला पुरी दिली.

दातेकाका-काकू पुण्याचे, पंधरा वर्षांपूर्वी आलेले. मुलगी नेहा, बारा वर्षांची, इथेच जन्मलेली. काकूंनी गरम वरणभात वाढला. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" काकांनी मला विचारलं. मी "नागपूर" म्हणाले. पुढचा प्रश्न यायच्या आत मी लोणच्याची बाटली पुढे केली. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि भात कालवला.

शनिवारी गाडी रॉकव्हिलच्या स्टेशनवर ठेवून मेट्रोने शहरात गेलो. शहरात गाडी नेऊ नये, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. चित्रांचं संग्रहालय फुकट आहे. मावशीचा त्यावर विश्वास बसेना. दारात ती पर्स उघडून उभी राहिली. खाली कॅफेटेरियात सूप-पाव परवडतो, पण शाकाहारी असाल तर सूप कशाचं आहे ते विचारून घ्या.

सुरुवातीच्या दालनांत मध्ययुगातली चित्रं आहेत. मावशी भराभर पुढे जाणार असं मला वाटलं होतं, कारण पुस्तकात त्यांच्याविषयी एकच वाक्य आहे: 'ही चित्रे सपाट व निर्जीव असत.' पण ती एका माता-बालकाच्या चित्रापुढे थांबली ती थांबलीच. पार्श्वभूमी सगळी सोन्याच्या वर्खाची. ती डावीकडे सरकली, मग उजवीकडे. ती हलली की सोनंही हलत होतं.

"सुजाता, मी पोरांना सांगत आले की हे निर्जीव आहे." ती हळू बोलत होती. "अगं, हे तर समईसारखं आहे."

"वर्ख आरशासारखा असतो. तू हललीस की उजेडाचा कोन बदलतो."

"ते तुझं शास्त्र. मी पोरांना चुकीचं सांगितलं, ते बोल."

पुढच्या दालनात तिला हवं ते मिळालं: फरशा घातलेलं अंगण, कमानी आणि मागे दूर जाणारा रस्ता. मावशीने पर्समधून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. वर्गात ती फळ्यावर खडू लावलेला दोरा ताणून धरायची आणि टिचकी मारून सरळ रेष उठवायची, गवंडी मारतात तशी. सगळ्या रेषा एका बिंदूत कशा मिळतात ते मुलांना असं दाखवायची. इथे तिने दोरा दोन्ही हातांत ताणला, एक डोळा मिटला आणि हात चित्राच्या दिशेने लांब केले.

सुरक्षारक्षक लगबगीने आला. "मॅम! ते काय आहे?"

"दिस इज माय ब्लॅकबोर्ड मेथड," मावशीने ठणकावून सांगितलं.

मी मध्ये पडले. बाई शिक्षिका आहेत, चित्राला हात लावणार नाहीत, फक्त रेषा जुळवून बघतायत. रक्षकाने जमिनीवरची पट्टी दाखवली, हिच्या मागे राहा म्हणाला. मावशी विद्यार्थिनीसारखी दोन पावलं मागे गेली. तिने फरशांची एक कड दोऱ्यावर घेतली, मग दुसरी, मग कमानीची. शेवटी बोटाने हवेत एक जागा दाखवली. रक्षकाने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यानेही एक डोळा मिटला.

"आता इथून बघ," मावशीने मला आपल्या जागेवर ओढलं. "इथूनच ते अंगण बरोबर दिसतं. बाजूला गेलीस की बिघडलं. त्या सोन्याच्या चित्रापुढे कुठेही उभी राहा. इथे मात्र आपण कुठे उभं आहोत ते ठरवावं लागतं."

भिंगांच्या कामात मी हेच रोज करते. तरी असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुपारी टेकडी चढून मोठ्या ग्रंथालयात गेलो. चढ बेताचा आहे, वाटेत बाकं आहेत. तिथे काचेच्या पेटीत युरोपात छापल्या गेलेल्या पहिल्या ग्रंथांपैकी एक धर्मग्रंथ ठेवलाय. काळी अक्षरं इतकी एकसारखी, की आमच्या यंत्रांच्या तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाली असती. मावशी काचेवर वाकली.

"लॅटिन आहे ना? म्हणजे छापला तरी शेतकऱ्याला काय कळणार? लोकांच्या भाषेत आला, तेव्हा खरी भांडणं लागली. आपल्याकडे संस्कृतातलं ज्ञान मराठी ओव्यांत आलं, तेव्हा काय कमी त्रास दिला लोकांनी?"

"हा दुसरा भाग झाला," मी म्हणाले.

"हो. दोन झाले."

तिसरा भाग तसाच ठेवून आम्ही मेट्रोकडे निघालो.

रविवारी दात्यांच्या हॉलमध्ये चादरी अंथरल्या होत्या. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून नेहा आणि बाकीची मुलं अंगणातली मेपलची पानं गोळा करून प्रत्येकाच्या हातात देत होती. "सोनं घ्या, हॅपी दसरा!" जेवणात श्रीखंड होतं, इथल्या आंबट क्रीमचं, आणि ते उत्तम जमलं होतं. कृती काकूंकडून घेतली आहे.

मग मावशी उभी राहिली. मुलांना मराठी समजतं, पण सगळं नाही, म्हणून मी शेजारी बसून इंग्रजीत सांगत होते. मावशीने नेहाला दोऱ्याचं टोक धरायला लावलं आणि भिंतीवर अंगण उभं केलं. मग सोन्याच्या चित्राची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक सांगून. मुलं हसली. मग छापखाना. मग तिने पुस्तकातल्यासारखं वाक्य म्हटलं: "लोक ग्रंथ स्वतः वाचू लागले आणि त्यांनी धर्माला प्रश्न विचारले. काहींनी धर्म बदलला." आणि ती थांबली. शाळेत इथे तास संपायचा.

नेहाने हात वर केला. "बट हाउ डू यू चेंज इट? म्हणजे, हू डिसाइड्स?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. मावशीला तो आधीच समजला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. विचारत होती. मला 'नको' म्हणता आलं असतं, भुवई हलवली असती तरी पुरलं असतं.

मी म्हणाले, "सांग, मावशी."

"आमच्या घरात माझ्या आईने ठरवलं," मावशी म्हणाली. "अशाच दसऱ्याला. तिला वाचता येत नव्हतं. तिने आधीच्या सभांतली भाषणं ऐकली होती आणि आदली रात्रभर विचार केला. ज्या धर्मात विहिरीला हात लावू देत नाहीत, तो आपला नाही. सकाळी तिने पांढरी साडी नेसली, मलाही पांढरा फ्रॉक घातला. गर्दीत माझी एक चप्पल गेली. आम्ही बौद्ध झालो. घरी येताना आई म्हणाली, चप्पल गेली ती जाऊ दे."

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, विहिरीसकट, आईच्या जागी 'माझी आजी' म्हणत. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"चप्पल परत मिळाली?" एका छोट्याने विचारलं.

"नाही रे. दुसरीही फेकली. एक घालून काय करू?"

मुलं पुन्हा हसली. मागे बसलेले एक काका म्हणाले, "बाई, सगळं ठीक आहे. पण इथे अमेरिकेत हे कशाला काढायचं? इथे आपण सगळे मराठी."

"म्हणून तर मराठीत सांगितलं," मावशी म्हणाली.

दातेकाका मोठ्याने हसले. ते गृहस्थ हसले नाहीत, आणि चहाला न थांबता निघून गेले. त्यांच्या बायकोने मात्र जाता जाता मावशीला नमस्कार केला. नेहाने दोरा गुंडाळून आणून दिला, हाताला मेपलचा चिकटा.

दुसऱ्या दिवशी निघताना काकू ओटीचं ताट घेऊन दारात आल्या आणि अडखळल्या. "बाई, मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारते. तुमच्यात ओटी चालते का?"

"तांदूळ आणि नारळ कुणाला चालत नाहीत?" मावशीने पदर पुढे केला. "कुठल्या देवीचं नाव नका घेऊ म्हणजे झालं."

"बरं. मग तुमचंच नाव घेते," काकू म्हणाल्या आणि ओटी भरली.

परतीचा रस्ता तोच, फक्त ऊन उलट्या बाजूने. ब्रीझवूडला पुन्हा वाईट कॉफी. मावशी ओटीतला नारळ मांडीवर घेऊन झोपली. आमच्या आधी बातमी ओहायोत पोचणार, हे मला माहीत होतं. आम्ही ज्या फोनच्या साखळीने तिकडे गेलो, तिनेच बातमी परत येणार होती. पोचल्यावर तासाभरात मंडळातल्या बाईंचा फोन आलाही. "ऐकलं ते खरं का गं?"

"खरं आहे," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं नाही का? मावशींना आमच्या मुलांसाठीही बोलायला सांगशील?" सगळेच असे फोन करणार नाहीत, हे मी धरून चालले आहे. पण एक आला.

संग्रहालयाच्या दुकानातून आम्ही अंगणाच्या चित्राचं पोस्टर घेतलं होतं. रात्रीच्या जेवणाआधी मावशी हातोडा घेऊन हॉलच्या भिंतीपुढे उभी राहिली. माझ्या झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं, आतली तसबीर तिथून दिसत होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एक खिळा ठोकू की दोन?"

भाडेकरारात भिंतीला भोकं पाडायची मनाई आहे.

"दोन," मी म्हणाले, आणि चित्र नि तसबीर एका पातळीत यावीत म्हणून दोऱ्याचं एक टोक धरलं.