टाकीची किल्ली

त्या वर्षी आषाढ संपत आला तरी आमच्या नेकनूरकडच्या गावात टँकर चालू होते, आणि आम्ही कोकणात अभ्यास दौऱ्यावर निघालो होतो. आम्ही म्हणजे दूध संस्थेचे संचालक आणि मी, संस्थेचा सेक्रेटरी. अभ्यास काय, तर एका सहकारी काजू कारखान्यात चहा पिऊन माना डोलवायच्या. निम्म्या गावाने जनावरं विकली होती, दुधाचा अभ्यास करणार तरी कशावर? पण दौरा मंजूर झाला होता, आणि फुकटचा दौरा सोडण्याइतका मी साधू नव्हतो.

निघताना बायकोने विचारलं, समुद्र दिसेल का. कसला समुद्र, दिवसभर वर्ग असतात, मी म्हणालो. ती हंड्यांच्या रांगेत उभी राहणार आणि मी लाटा बघणार, हे तिच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. मग खोटं सोपं पडलं.

संस्थेमागची सिमेंटची टाकी तेव्हा गावाच्या पिण्याच्या पाण्याची टाकी झाली होती. टँकर दिवसाआड यायचा आणि तिच्यात रिकामा व्हायचा. कुणी चोरून पाणी काढू नये म्हणून झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे. त्यावर गावाने अट घातली होती, की किल्ली ज्याच्याकडे त्याच्या घरचा हंडा सगळ्यांच्या शेवटी भरायचा. म्हणजे मान माझा आणि तळाचं गढूळ पाणी बायकोचं.

दुसऱ्या दिवशी आमची जीप समुद्राच्या कडेकडेने चालली होती. पाऊस असा, की वायपरने हात टेकले. संचालक मंडळी काचा खाली करून शाळकरी पोरांसारखे हात बाहेर काढत होती. मीही काढला, खोटं कशाला बोलू.

वाटेत कुण्या संस्थानिकाचा जुना राजवाडा बघायला उतरलो. वरच्या दिवाणखान्याचं छत गळत होतं. खाली बादल्या मांडलेल्या, आणि राखणदार एकेक भरलेली बादली सज्जातून खाली ओतत होता. "आवं, सांडू नका," माझ्या तोंडून निघून गेलं. तो नुसता हसला. डोकं पुसायला मी खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्याबरोबर टाकीची किल्ली बाहेर आली.

टँकरचा दिवस आजच होता. रेंज शोधत सज्जात गेलो आणि बायकोला फोन लावला. ती टाकीपाशीच होती. सकाळपासून सगळे मला फोन करत होते, लागत नव्हता. टँकरवाला पुढच्या गावाला जायची घाई करत होता, पण माझ्या शब्दाशिवाय कुलूप फोडायचं नाही म्हणून अख्खी रांग उन्हात थांबली होती.

"फोडा," मी म्हणालो.

तिने ओरडून तसं सांगितलं. मागून घणाचे ठोके ऐकू आले, मग टाकीत पाणी पडल्याचा आवाज. माझा जीव जरा भांड्यात पडतो, तोच तिने विचारलं, "एवढा आवाज कशाचा यायलाय? तुमी वर्गात हाव ना?"

"पाऊस हाय," मी म्हणालो. "समुद्रबी हाय समोर."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "फोन जरा भाईर धरा."

मी हात सज्जाबाहेर लांब केला. फोन भिजला, बाही कोपरापर्यंत भिजली. परत कानाला लावला तेव्हा तिकडे ती रांगेतल्या बायांना सांगत होती, ऐका गं, पाऊस. फोन एकीच्या कानाचा दुसरीच्या कानाला जात होता. कुणीतरी म्हणालं, लई पडायलाय की. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी फोन तिच्याकडे आला.

"ठिवते आता," ती म्हणाली. "आपला हंडा शेवटी हाय, लई येळ उभं ऱ्हायचंय."