बैठकीत ठरलेला दवाखाना

रिपोर्ट पक्का झाला त्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई माझ्याशी बराच वेळ बोलल्या. गोळी रोज घ्यायची, कायमची. घेत राहिलो तर नोकरी, घर, सगळं इतरांसारखंच चालेल. मग त्यांनी विचारलं, "इथंच सुरू करायचं, की दुसरीकडे कुठं सोयीचं आहे? शक्यतो लांबचं निवडू नका. माणसं लाजेपोटी लांब जातात, आणि येणं-जाणं झेपेना झालं की औषधच सोडतात. घरी कोणाशी बोलायचं असेल तर बोला."

घरी म्हणजे माझ्यासाठी मामा. वडील लहानपणी गेले, आई मी बारावीत असताना गेली. रहिमतपूरच्या मामांनी मला वाढवलं. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. पदवीदानाला मामा कोट घालून आले होते आणि पेढे मला वाटू न देता त्यांनी स्वतः वाटले. कॉलेज, हॉस्टेल, पुढे साताऱ्याच्या एमआयडीसीतली नोकरी, प्रत्येक वेळी मी आधी त्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. त्यात कधी नुकसान झालं नाही.

मला आजार कसा झाला ते इथे लिहिणार नाही. मामांनीही ते विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे.

ते आल्याच्या रानात ठिबकची नळी जोडत होते. मी बांधावर बसून सांगितलं. जेवणातून, हातातून, एका घरात राहून हा आजार लागत नाही, हेही सांगितलं. त्यांनी नळी जोडून पूर्ण केली, हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"आनी कुनाला बोललायस?"

"न्हाई."

"बोलू नगंस. माज्यापाशीच ऱ्हाईल. फौजीचा शब्द हाय. दवाखान्याचं मला दोन दिस दे, इचार करून सांगतो."

दोन दिवसांनी फोन आला. "सांगली कर."

"मामा, सातारा जवळ पडतं. शिफ्ट सांभाळून जाता येतं."

"आरं, साताऱ्यात त्या गोळ्या कायम संपल्याल्या असत्यात. माज्या पलटणीतल्या एकाचं पोरगं जायचं तितं, लय हाल झालं त्याचं. आनी तुला वळखनारी गल्लोगल्ली. सांगलीत कोन इचारतंय? तुज्या भल्याचं सांगतोय."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. एवढ्या मोठ्या गोष्टीत माझ्या बाजूनं विचार करणारं कोणीतरी आहे, म्हणून.

मग सांगली सुरू झाली. साताऱ्याहून पहाटेची एसटी, कराडमार्गे तीन तास, स्टँडवरून रिक्षा, रांग, आणि परत येईपर्यंत संध्याकाळ. कंपनीत सुपरवायझरला सांगितलं होतं की सांगलीतल्या विश्रामबागेच्या एका कॉलेजात बाहेरून परीक्षा देतोय. ते खूष झाले. "शिक गड्या, आमी न्हाई शिकलो," म्हणायचे आणि सुट्टी द्यायचे. त्यांच्यासमोर मला मान वर करवत नसे. गोळ्यांनी ताप गेला, भूक परत आली, पँट पुन्हा कमरेला बसायला लागली. पण एकदा ऑर्डरची घाई होती आणि सुट्टी मिळाली नाही. आठवडाभर उशीर झाला आणि मधले काही दिवस गोळी नव्हती.

सांगलीच्या डॉक्टर चिडल्या. "साताऱ्यात राहता, नोकरी तिथं, मग तिथं का नाही घेत?"

"तिथं गोळ्या संपलेल्या असतात म्हणे."

"कोणी सांगितलं? ह्याच गोळ्या आहेत तिथं. हवं तर तुमचं नाव तिकडे पाठवते. पण असे खंड पडले तर हे औषध तुमच्यावर चालेनासं होईल."

मामांची माहिती जुनी असेल, असं मी धरून चाललो. त्या महिन्यात मामांच्या मुलीचा साखरपुडा होता. सगळे गडबडीत होते. हा विषय नंतर काढू म्हटलं.

आमच्या घरी पंगत घरची पोरंच वाढतात, आणि कळायला लागल्यापासून गोडाची बादली माझ्याकडे असते. पाहुणे बसले, मी बुंदीची बादली उचलली. तेवढ्यात मामांच्या थोरल्या भावाचा मुलगा आला आणि त्यानं कडीला हात घातला.

"आन हिकडं. तू गाड्यांकडं बघ जा."

"का रं? कवापासून गोड मीच वाढतोय."

"मला नगं इचारू. ठरलंय तसं."

"कुनी ठरवलं?"

त्यानं बादली घेतली, आतल्या नळावर जाऊन कडी धुतली आणि मगच तो पंगतीत शिरला. मी ते बघत होतो हे त्याला माहीत होतं. मागं थोरल्या मामी उभ्या होत्या. त्यांनी मला भिंतीकडे घेतलं.

"राग नगं धरू, लेका. पाव्हनं हायती. उद्या कळलं तर म्हनतील, ठावं असून वाढाय लावलं."

"काय कळलं तर, मामी?"

"तुजं. सांगलीचं." त्या इकडंतिकडं बघून बोलत होत्या, पण माझ्या दंडावरचा हात त्यांनी काढला नाही. "सांगली तरी का ठरली मग? नवऱ्या मुलाची भन साताऱ्याच्या त्याच दवाखान्यात नर्स हाय न्हवं का. तू तितं रांगंत दिसला असतास तर ही सोयरीक झाली असती व्हय? तुजा मामा लय रडला भावकीच्या बैठकीत."

मी गाड्यांकडं गेलो आणि शिट्टी वाजवत त्या लावून घेऊ लागलो. एक लांबचे पाहुणे जीप लावता लावता म्हणाले, "काय गड्या, पदवी काढून शिट्टीच वाजवतोयस व्हय?" मी हसलो आणि त्यांना गाडी मागं घ्यायला हात केला.

आमच्याकडे सोयरीक बैठकीत ठरते, वाटणी ठरते, बांधाचं भांडण मिटतं. दवाखानाही तसाच ठरला होता. मामांनी मागून घेतलेले ते दोन दिवस विचारासाठी नव्हते, भाऊबंद जमवण्यासाठी होते.

पाहुणे गेल्यावर मामा परड्यात भाड्याच्या खुर्च्या रचत होते. मीही रचायला लागलो.

"मामा, बैठकीला कोन कोन हुतं?"

ते थांबले नाहीत. "घरचीच. आपलीच मानसं."

"मला न्हाई बोलावलं."

"तुला कशाला बोलवायचं? तुजंच तर बोलायचं हुतं."

"आनी तुमच्या पलटणीतल्याचं पोरगं?"

आणखी दोन खुर्च्या रचून ते म्हणाले, "तसं कोन न्हाई." मग शेवटच्या खुर्चीवर बसले. "मी पोरीचं बघायचं का न्हाई? तुला बी औषद मिळालंच की. कुनाचं काय बिगाडलं? लगीन होईस्तवर थांब. मग मी सवता घिऊन जातो तुला साताऱ्याला."

त्यांनी मुलीचा विचार केला याचा मला राग नव्हता, आजही नाही. ती मला सख्ख्या बहिणीसारखी आहे. मामा त्या बांधावर म्हणाले असते, "पोरीचं लगीन होईस्तवर माज्यासाठी लांब जा," तर मी सांगलीच काय, सोलापूरलासुद्धा गेलो असतो. त्यांनी मागावं आणि मी द्यावं, एवढं ऋण त्यांचं माझ्यावर नक्कीच होतं. त्यांनी मागितलं नाही. माझ्याच भल्याचं म्हणून सांगितलं, आणि मी त्या रात्री कृतज्ञतेनं रडलो. ते रडणं आठवलं की मला अजून लाज वाटते, आणि ती लाज आजाराची नसते.

"थांबलो असतो, मामा," मी म्हटलं. "पन मदी गोळ्या चुकल्या माज्या. आता न्हाई जमनार."

ते म्हणाले, "बघ मग. शिकल्याला हायस." घरात गेले. इतकी वर्षं हेच शब्द ते अभिमानानं बोलत आले होते.

पुढच्या वेळी सांगलीच्या डॉक्टरांना सांगून मी नाव साताऱ्याला करून घेतलं. लग्न ठरल्या दिवशी झालं. गावात घरोघरी अक्षता देऊन आमंत्रण गेलं. मला पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली, खाली काही न लिहिता. नवऱ्या मुलाची बहीण दवाखान्यात कुठल्या विभागात आहे हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

साताऱ्याच्या पहिल्या दिवशी रांग लहान होती. समुपदेशक बाई त्याच होत्या. त्यांनी मला ओळखलं, कुठं होतात म्हणून विचारलं नाही. वजन बघितलं, गोळ्या कशा घेतो ते ऐकलं, मग म्हणाल्या, "घरी कोणाला माहीत आहे का?"

"सगळ्यांना."

"मग बरं आहे. आमच्याकडे बरेच जण एकटेच असतात. घरचं माहीत असलं की आधार असतो."

मी गोळ्यांचे डबे पिशवीत घातले, पुन्हा कधी यायचं ते विचारून घेतलं आणि दुपारच्या शिफ्टला वेळेवर पोचलो.