भाऊबीजेचं बोलावणं

पिक्चरमध्ये आता कोण मरणार, हे मला घरात सगळ्यांच्या आधी कळायचं. आम्ही पिंपरीला थिएटरात जायचो. दादा लोकांचे, स्मगलरांचे सिनेमे तेव्हा जोरात होते. पडद्यावरच्या दादानं एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं चौकशी केली, की मी शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपरानं ढोसायची, "गेला हो हा!" हे म्हणायचे, "अगं गप बस, लोक बघतायत." दहा मिनिटांत तो माणूस गेलेलाच असायचा.

आणि खरं सांगते, मला आवडायचा तो दादाच. आईच्या पाया पडणारा, गरिबाच्या पोरीचं लग्न लावून देणारा, दिलेला शब्द न मोडणारा. त्यानं कुणाला मारलं तर मेलेल्याचंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून आम्ही टाळ्या पिटायचो. दारात आलेल्या पाहुण्याला तो कधी हात लावायचा नाही, याचं तर मला भारी कौतुक.

आवडणारच की. तसाच एक आमच्या घरात होता. माझे थोरले दीर. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा. बासष्टच्या पुढं आमच्या भागात कारखाने आले आणि गावाच्या जमिनी गेल्या. बाकीच्यांनी हातात आलेलं उडवलं. अण्णांनी मात्र एका कंपनीला मजूर पुरवायचं काम धरलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी सातलाच आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी कोकणातून. "अण्णा, तेवढं कंपनीत चिकटवा." अण्णा चिकटवायचे. नवरा-बायकोचं भांडण असो की बांधाचं, निवाडा आमच्याच ओट्यावर. बदल्यात अण्णा सांगतील ते करायचं. काय सांगतात, ते बायकांनी विचारायचं नाही. कधी बाहेर आवाज चढले, एखाद्याच्या कानाखाली बसली, की आम्ही जावा स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायचो. म्हणजे ऐकू आलं नाही असं म्हणायला आम्ही मोकळ्या.

माझा धाकटा भाऊ चाकणचा. आयटीआय झालेला, पोरगा हुशार. अण्णांनी एका शब्दावर त्याला कंपनीत लेथ मशीनवर टर्नर म्हणून लावून दिला. मी माहेरी जाऊन किती मिरवले म्हणून सांगू! माझी आई तर अण्णांचं नाव निघालं की हात जोडायची.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीला कंपनीत संप झाला आणि माझा भाऊ सगळ्यांच्या पुढं. अण्णांनी मागच्या गेटनं बाहेरची माणसं कामाला घालायला सुरुवात केली, तर हा पठ्ठ्या मागच्या गेटवर आडवा. दोन दिवस एक माणूस आत जाऊ दिला नाही. ओट्यावर कुणीतरी हसत बोलून गेलं, "अण्णा, घरचाच पाव्हणा जड झाला की तुमाला." अण्णाही हसले. मला मात्र धस्स झालं. भावाच्या सोबत्यांनीही धोका ओळखला असावा, कारण त्यांनी त्याला लपवला. आज एकाकडं, उद्या दुसऱ्याकडं. तो कुठं आहे, हे माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली. एके दिवशी अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. एरवी ते कधी तिथवर यायचे नाहीत. म्हणाले, "भाऊबीजेला पाव्हण्याला बोलवा. सणाचं आपल्या माणसानं दूर ऱ्हाणं बरं न्हाई. चार घास खाऊ घालू. मी समजावतो त्याला."

मला रडूच आलं आनंदानं. दूधवाल्याकरवी आईला निरोप धाडला, आईनं कुणाकुणाला सांगितलं आणि निरोप भावापर्यंत पोचला. सोबत्यांनी भावाला परोपरीनं सांगितलं म्हणे, जाऊ नकोस. पण बहिणीनं ओवाळायला बोलावलं आणि भाऊ आला नाही, असं आमच्याकडं होत नाही. अण्णांनाही ते माझ्याइतकंच माहीत होतं.

तो आला. किती वाळला होता! पाटावर बसवून मी त्याला टिळा लावला, ओवाळलं. संपात पगार नव्हता, तरी कुठून तरी एक खण आणून त्यानं माझ्या ताटात घातला. जेवायला अण्णा शेजारी बसले. स्वतःच्या हातानं त्याला बासुंदी वाढली, नको म्हणाला तर वाटी धरून वाढली. संपाचा शब्द नाही, गेटचा नाही. आईची तब्येत विचारली. मी पदराला डोळे पुसले आणि मनात म्हटलं, मिटलं एकदाचं.

हात धुऊन अण्णा आत आले आणि अगदी सहज विचारलं, "पाव्हणा कुठल्या वाटंनं जाणार हाय?"

मी सांगितलं. सायकल आणलीय, हायवेनं नाही जायचा, नदीकडच्या वाटेनं जाईल.

"बरं," म्हणाले आणि बाहेर जाऊन पत्ते खेळायला बसले.

सिनेमात हा प्रश्न आला असता तर मी नवऱ्याला ढोसून म्हटलं असतं, गेला हो हा! इथं नाही कळलं? लोकांना मी इतकी वर्षं हेच सांगत आले, नाही कळलं. पण मग फराळाचा डबा भरताना अर्धा चिवडा खाली का सांडला? सासूबाई भावाला म्हणाल्या, "ऱ्हा की रे आजची रात." तो माझ्याकडं बघायला लागला. मी हो म्हटलं असतं तर राहिला असता. मीच म्हटलं, "नको, आई वाट बघत असेल."

का म्हटलं, तेही सांगून टाकते. मला वाटलं, अडवतील, दमात घेतील, फार तर दोन-चार फटके देतील. पोरगं शुद्धीवर येईल, कामावर जाईल, अण्णांचा राग उतरेल आणि माझं सासर-माहेर दोन्ही शाबूत राहील. माझ्या भावाला चार फटके बसले तर चालतील, हा हिशेब माझा. अण्णांनी तो मला शिकवला नव्हता.

अण्णांनी आपला नियम पाळला. घरात काय, गावच्या हद्दीतही त्याच्या केसाला धक्का लागला नाही. त्यांच्या माणसांनी त्याला नदीच्या पलीकडं गाठला. उजवा हात दगडावर ठेवून ठेचला. टर्नरचा हात तो. पाचपैकी तीन बोटं डॉक्टरांनी काढून टाकली.

पोलीस जमादार आमच्याकडं चौकशीला आला, चहा प्याला. मला विचारलं, अण्णा कुठं होते? मी म्हटलं, घरात, पत्ते खेळत होते. खरंच होतं ते. वाटेची चौकशी कुणी केली होती, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. अण्णा सफरचंदं घेऊन दवाखान्यात गेले. आईसमोर म्हणाले, "कुणी केलं ते कळू दे, सोडणार न्हाई." आई त्यांच्या पाया पडली. मी तिथंच उभी होते हो! भिंतीला धरून उभी होते आणि तोंड उघडलं नाही.

संप मोडला. भावाची नोकरी गेली. चाकणला त्यानं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. भाऊबीजेला मीच तिकडं जायला लागले.

चार-पाच वर्षांनी अण्णा हृदयविकारानं वारले. त्या वर्षी ओवाळून झाल्यावर, बायको आत गेलेली बघून, भावानं पहिल्यांदा तो विषय काढला.

"आक्का, आता अण्णा नाहीत म्हणून विचारतो. तुला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही रे."

"मला ठाऊकच होतं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला की माझ्यानं बघवेना. "संपातले सोबती दवाखान्यात रोज यायचे. डबा आणायचे, रात्री पाळीनं बसायचे. एकदा म्हणाले, बहिणीनं दगा दिला तुला. तिथून हाकलून दिलं मी सगळ्यांना. नंतर घरी आले, माफी मागायला लागले, तरी दार उघडलं नाही. आजपर्यंत एकाशीही बोललो नाही मी, आक्का."