मागचं डावं चाक

काम वेळेत झालं की त्याचं मागे काही उरत नाही. रखडलं, की किस्से साठतात! आमच्या गटाकडे एका चाकाचे इतके साठलेत, की चौघं भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "तो बर्फाचा सांगा ना!" आणि मी तोंड उघडलं की बाकीचे तिघं मध्येच तोडतात. तो किस्सा माझ्यापेक्षा आपल्यालाच चांगला येतो, असं प्रत्येकाला वाटतं.

तरी आज मीच सांगतो. मध्ये बोलायचं नाही!

हिंगणघाटला सदूभाऊ आणि मनोहर या दोघा भावांची बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. जिनिंगच्या आवारात एक मोठी टिनाची शेड. तिच्या पुढच्या भागात बबन मिस्त्रीचं गॅरेज आणि मागच्या कोपऱ्यात सदूभाऊंच्या वडिलांची मोटार. कुठल्या कंपनीची ते विचारू नका, बॉनेटवरचा बिल्ला कुणीतरी कधीच उपटून नेला होता. स्वातंत्र्याच्या आधीची, एवढं नक्की.

गाडीची तीन चाकं फिरायची. मागचं डावं घट्ट बसलेलं. आतला ब्रेक गंजून चिकटला होता. तो सोडवायचा तर आधी हब काढायला हवं. हब म्हणजे चाकाच्या मधला तो लोखंडी गोळा, जो धुऱ्याच्या, म्हणजे आसाच्या, टोकावर पाचरीसारखा ठोकून बसवलेला असतो. तो निघाला की खेळ खलास.

"अर्ध्या घंट्याचं काम हाय," बबन मिस्त्री म्हणाला.

तेव्हा गावात पेजर नवे होते. पेजर आले, पेजर गेले, मोबाईल आला, हब काही हललं नाही!

*

बबन मिस्त्रीला मी पाच वर्षांत चहा बसून पिताना पाहिलं नाही. कप हातात, फेऱ्या चालू. एका जागी उभा राहिला तर समजावं, काहीतरी दुखतंय.

एका रविवारी सकाळी तो न्हाव्याकडे दाढीला गेला. अर्धी दाढी झाली आणि त्याला हबाची युक्ती सुचली. झालं! न्हावी वस्तरा पुसतोय, तोवर हा खुर्चीतून उठून पळाला. गळ्यात फडकं, एका गालाला साबण. भर बाजारातून धावत गॅरेजमध्ये आला आणि घण उचलला.

वीस घाव घातले. हब ढिम्म!

मागून धापा टाकत न्हावी आला. "मिस्त्री, माहं फडकं द्या. अन् उरलेली दाढी कधी करता?"

बबननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हब निघाल्यावर येतो!"

आठ दिवस तो अर्ध्या दाढीनं हिंडला. शेवटी त्याच्या बायकोनं स्वतः न्हाव्याकडे नेऊन बसवला आणि उठू नये म्हणून समोर उभी राहिली.

*

आता बर्फाचा.

वानखेडे सर शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी एका संध्याकाळी शेडच्या टिनावर खडूनं आकृती काढली. हब बाहेरून तापवायचं, म्हणजे फुगेल. धुरा बर्फानं थंड करायचा, म्हणजे आकसेल. मग काय, हब आपोआप हातात!

आम्हाला एकदम पटलं. बबननं ब्लो-लॅम्प पेटवला. मला बर्फाला पाठवलं. एप्रिल महिना, हिंगणघाटचं ऊन! मी सायकलच्या कॅरिअरला बर्फाची लादी पोत्यात बांधून निघालो. बर्फाचा कारखाना गावाच्या त्या टोकाला. वाटेत माझ्या कचेरीतले दोघं भेटले, "कोणाच्या घरी कार्यक्रम हाय?" म्हणून त्यांनी थांबवलं. त्यांना हबाचं समजावून सांगता सांगता माझी पँट मागून भिजली.

गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा पोत्यात नारळाएवढा बर्फ उरला होता. त्यातला अर्धा सदूभाऊंनी माठात टाकला, कारण सर तापले होते. राहिलेला धुऱ्यावर ठेवला, तो चर्र करून गेला.

सर दहा मिनिटं आकृतीकडे बघत उभे राहिले. मग खडूची धूळ झटकत म्हणाले, "काही चुकलं नाई. थिअरीत त हब निघालं हाय. बाहेर यायचंच बाकी हाय!"

*

माझा नंबर यायचाच होता.

मी तहसील कचेरीत कारकून. पाच वाजून दहा मिनिटांनी थेट गॅरेजवर. घरी बसलो की माझा पाय आपोआप हलायला लागतो. बायको म्हणायची, "पलंग हालून राह्यला! जा बरं तुम्ही त्या चाकाजवळ!"

एकदा कचेरीत साहेबांची बोलणी खाऊन आलो होतो. चाक तसंच. राग आला आणि सणकून लाथ घातली. हबाला काही झालं नाही, माझा अंगठा सुजून बटाट्याएवढा झाला. तीन दिवस रजा. अर्जात खरं कारण लिहिलं, खोटं लिहायची मला सवय नाही: 'चाक निघत नसल्यामुळे.'

तहसीलदारांनी बोलावलं. "तुमच्याकडे कार आहे?"

"नाही साहेब."

"मग कुणाचं चाक निघत नाही?"

"सदूभाऊचं."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि सही केली.

*

धुऱ्याच्या टोकाला एक मोठा नट होता. हब काढण्याआधी तो सैल करायचा. बबननं पान्यात चार फुटी पाईप घालून, आम्ही तिघांनी लोंबकळून, जवळजवळ सहा महिने त्या नटाशी झटापट केली. दर आठवड्याला तो जरासा हलायचा. आमचा उत्साह वाढायचा.

एक दिवस हैदराबादकडे जाणारा एक ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला. सरदारजी. पंक्चर होईपर्यंत चहा पीत आमची कसरत बघत उभा. मी पाईपाला लटकलेलो, सर मला लटकलेले.

चहा संपवून त्यानं शांतपणे विचारलं, "उस्ताद, एक बात पूछूं? खोल रहे हो कि कस रहे हो?"

डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे होते!

सरदारजी गेला. मग बबन फेऱ्या मारत स्वतःशीच म्हणाला, "म्हनूनच त हलून राह्यला होता ना बावा."

*

येणारा-जाणारा प्रत्येक जण औषध सांगायचा. समुद्रपूरचा कंडक्टर म्हणाला रॉकेल. हिंगणीहून येणारा दूधवाला म्हणाला जवसाचं तेल. कुणी ताक सांगितलं, कुणी चुना. सदूभाऊंचं किराण्याचं दुकान, त्यामुळे सगळं घरचं. रोज संध्याकाळी ते वाटी घेऊन यायचे आणि चाकाशी बसून चमच्यानं तेल सोडायचे.

एकदा वहिनी, सदूभाऊंची बायको, दुकानातून थेट गॅरेजवर आल्या. जवसाचा डबा रिकामा आणि गिऱ्हाईक उभं. त्यांनी वाटी पाहिली, चमचा पाहिला, सदूभाऊंना पाहिलं.

"माह्या हळदीत मले एवढं तेल लागलं नाई!"

सदूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "तू कुठं अडकली होती?"

"अडकलीच त हाय!" म्हणाल्या आणि वाटी घेऊन गेल्या.

*

आणि आता तो दसरा.

मनोहर हा सदूभाऊंचा धाकटा भाऊ. त्याची ढेपेची, म्हणजे सरकीच्या पेंडीची, एजन्सी, त्याला माल ठेवायला जागा पुरेना. माणूस वाईट नाही, पण बोलला की बोलला. त्यानं शेड रिकामी मागितली. "दादा, पाच वर्षं झाली. दसऱ्याले सूर्य मावळेपर्यंत गाडी आपल्या चाकावर बाहेर निघाली, त ठेव. नाई निघाली त दुसऱ्या दिवशी भंगारवाला कटर घेऊन येते."

मनोहर गेल्यावर सदूभाऊ चाकाशी बसले. आम्हाला म्हणाले, "आमच्या बाबाले मी दुकानात हासताना पाह्यलं नाई, घरात पाह्यलं नाई. या गाडीत बसले की हासत. आता कटरनं कापतीन तिले." आणि टायरमध्ये हवा भरायला लागले. दर महिन्याला भरायचे, गाडी हलत नसली तरी!

बबन तर रोज दोनदा जेवायचं विसरायचा. त्यानं जिनिंगच्या जुन्या यंत्राची जाड प्लेट कापून पुलर बनवून आणला. चाक उतरवून प्लेट त्याच्या बोल्टांवर कसायची, मधला जाड स्क्रू धुऱ्याच्या टोकावर रेटायचा, म्हणजे हब बाहेर ओढलं जातं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो स्क्रू आवळला. पाईप वाकला. हब तिथंच, स्क्रू तसाच ताणलेला.

आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा! बबनच्या बापानं घालून दिलेला नेम असा, की दसऱ्याला पूजेतलं हत्यार हलवायचं नाही आणि मिस्त्रीनं लोखंडाला हात लावायचा नाही. सगळे पाने धुऊन पाटावर मांडले. पुलर निघेचना, म्हणून त्याला जागेवरच हळद-कुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला.

पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या हबाला सकाळपासून कुणी ठोकलं नव्हतं. सदूभाऊ चाकाकडे पाठ करून उभे होते. मनोहरही जीपची पूजा करायला आला होता. अकराच्या सुमाराला आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला...

धाडकन आवाज!

वानखेडे सर खाली बसले. झेंडूचा हार उडून मनोहरच्या खांद्यावर पडला. मला वाटलं सिलिंडर फुटला. बबन मात्र आरतीचं ताट घेऊन तसाच चाकाजवळ गेला, वाकला आणि ओरडला.

"निघालं. सदूभाऊ, हब निघालं!"

नट सैल करून टोकाला ठेवला होता म्हणून हब त्यावर अडकून राहिलं, नाहीतर पूजेसकट रस्त्यावर गेलं असतं. सदूभाऊंनी हबाला हात लावला आणि ते सरळ रडायला लागले. मग बबननं ताट खाली ठेवलं, पान्यांकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि तोही रडकुंडीला आला. ब्रेक सोडवायचा, हब परत घालायचं, चाक बसवायचं. आणि आज लोखंडाला हात नाही!

"उद्या सकाळी नारळ फोडला की एका घंट्यात करतो," तो मनोहरला म्हणाला. "एक रात्र द्या."

मनोहरनं खांद्यावरचा हार काढला. "मी सूर्य मावळेपर्यंत म्हनलं होतं."

सदूभाऊंनी डोळे पुसले.

"आता साडेअकराच झाले," मनोहर म्हणाला. "मिस्त्री, तुमचं हत्यार पाना हाय. माहं हत्यार वजनाचा काटा. तो दुकानात पूजेत हाय. मी पाना धरला त चालते ना?"

बबन विचारात पडला. "तुमाले चालते. पन माहे पाने..."

"माह्या जीपमध्ये हाय." आणि तो शर्टाच्या बाह्या वर करत बाहेर गेला.

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. माझं पेन घरी पाटीपूजेत होतं, सरांचा खडूचा डबाही तिथंच. त्या दिवशी मी लिहू शकत नव्हतो, सर शिकवू शकत नव्हते, मनोहर तोलू शकत नव्हता. पाना मात्र सगळ्यांना चालत होता! पाच वर्षं ज्यांनी नुसते सल्ले दिले ते सगळे गाडीखाली, आणि ज्याला येतं तो एकटा स्टुलावर, दोन्ही हात काखेत दाबून.

"सर, स्प्रिंग धरा! तशी नाई! अबे, डोळा सांभाळा!" बबन ओरडत होता. बसवत नव्हतं बिचाऱ्याला. स्टुलासकट पुढे सरकत होता.

"मिस्त्री, तिथं बसून सांगनं सोपं असते!" गाडीखालून सर म्हणाले.

पुलरचा हार आपोआप उडालेला, म्हणजे त्याची पूजा उठली असं धरून मनोहरनं त्याला आधी हात जोडले, मगच काढला. गंजलेले ब्रेकशू आम्ही उपटून त्याच्या जीपमध्ये टाकले. बाकी तीन चाकांचे तर पहिल्याच वर्षी काढून ठेवले होते. हब बसलं, नट हातानंच आवळला, चाक चढलं. जॅक उतरवला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि मनोहरचा पूजेचा नवा शर्ट ओळखू येत नव्हता.

"बस स्टेअरिंगवर," सदूभाऊ त्याला म्हणाले.

"मी? बाबानं मले कधी बसू नाई देल्लं. लहान हाय म्हने."

"आता कोन म्हनून राह्यलं लहान? बस!"

तो बसला. आम्ही मागून जोर लावला. चाक कुरकुरलं, एकदा अडलं, आणि फिरलं! गाडी शेडच्या दारातून उन्हात आली. पुढे जिनिंगचं मोकळं आवार, जिनिंग बंद, त्यामुळे एक गाडी नाही, एक गठाण नाही. आणि पार कुंपणापर्यंत हलका उतार. आमचे हात सुटले तरी गाडी चाललीच.

"निघाली रे! निघाली! आता थांबव!" सदूभाऊ मागे धावत होते.

पुढून आवाज आला, "दादा, ब्रेक कुठं हाय?"

"तुह्या जीपमध्ये!"

मनोहरनं मान मागे टाकली. एवढं मोठ्यानं हसताना त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"मंग राहू दे!"