राखणदाराचं गाऱ्हाणं

बायको गेल्यावर मुलगी पुण्याची खोली सोडून गावी आचऱ्याला माझ्याकडे आली. ऑफिसचं काम ती आता पडवीत बसून करते. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचा जन्म जाळी ओढण्यात गेला. तिचं काम मला कळत नाही. पण दिवसभर समोर बसल्यावर थोडं कानावर पडतंच.

तिच्या ऑफिसात एक प्रोग्राम आहे. तो तयार मिळत नाही. ज्याला पाहिजे त्याने मूळ कोड घ्यायचा आणि आपल्या कॉम्प्युटरवर बांधायचा. कसा बांधायचा ते लिहून ठेवलेलं असतं. आधी हे घाला, मग ते चालवा. कोड रोज बदलतो, लिहिलेलं तसंच राहतं. नवीन माणूस कामाला लागतो, लिहिलंय तसं करतो आणि अडकतो. ते लिहिलेलं ताजं ठेवायचं काम हिच्याकडे.

एकदा बघितलं, तर कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून ती आपणच लिहिलेलं वाचत एकेक पायरी करत होती. मध्येच लाल अक्षरं आली. मी म्हटलं, "तुका येता मा? मगे वाचतस कित्याक?"

"माका येता म्हणानच चूक दिसणा नाय, बाबा. नवीन माणूस होवन बघूक व्हया."

कोड बदलणाऱ्याने लिहिलेलंही त्याच वेळी बदलायचं, असा तिचा नियम. मागाहून करतो म्हणणारा कधीच करत नाही, असं ती म्हणाली. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

आमच्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाचा नारळ द्यावा लागतो. त्याच्यापुढचं गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, मी घालायचं. ते कुठे लिहिलेलं नाही, बापाचं ऐकून पाठ झालेलं. घरात कोण कोण आहे ते त्यात सांगायचं, म्हणजे तो त्यांना राखतो. माणसं बदलली की बायको आदल्या दिवशी चुलीकडून सांगायची. माझी आई गेली त्यानंतरच्या नारळाला म्हणाली, "औंदा सासूचा नाव घेव नकात." मुलगी झाली तेव्हा तिचं घालायला लावलं. मी नुसतं तोंड.

बायको गेली त्या वर्षी दुखवटा म्हणून नारळ दिला नाही. यंदा वर्षश्राद्ध उरकलं आणि भावकीतले चारजण आले. मी नारळ धरला आणि सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरात आमी घोव-बायल, आमचा चेडू..."

यावर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. एकजण खाली बघायला लागला. मला वाटलं यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. तेव्हा कुठे ते 'घोव-बायल', नवरा-बायको, माझ्याच कानाला लागलं. बायकोला त्यातून काढलं नाही तर गाऱ्हाणं खोटं, नारळ फुकट. काढायचं तर माझ्याच तोंडाने.

मुलगी मागे उभी होती. हळू म्हणाली, "बाबा, पयल्यापासून म्हणा."

मी पहिल्यापासून म्हटलं. "ह्या घरात मी नि माझा चेडू." चौघे म्हणाले, "व्हय म्हाराजा." नारळ फोडला, खोबरं वाटलं. रडू बिडू काही आलं नाही.

संध्याकाळी ती परत कामाला बसली. मी शेजारी बसलो. ती एक ओळ पुसत होती. ती पायरी आता लागत नाही, म्हणाली.

मी विचारलं, "काढलंस तां गेला खंय?"

"खंय जाऊक नाय. जुन्या लिवलेल्यात आसा. कोणी मागला तर गावता. फक्त नवीन माणसाच्या वाटेत येणा नाय."

ती माझ्याकडे बघत नव्हती, स्क्रीनकडेच बघत होती. मी बरं म्हटलं आणि भात चढवायला उठलो.