परत मागवलेलं अस्वल

कंपनीने नोटीस लावून परत मागवलेलं प्लॅस्टिकचं अस्वल मी नातीकडून काढून घेऊन कामवाल्या मावशींच्या नातवाला दिलं. फुकट कशाला घालवायचं, म्हणून. वर स्वतःला उदारही समजलो.

मुलुंडचा आमचा खेळणीवाला येता-जाता ‘बघा’ म्हणतो आणि बोलताना गिऱ्हाइकाकडे मुळीच बघत नाही. परत आलेल्या अस्वलांमधला बटणाएवढा सेल काढून तो एकेक अस्वल हातोडीने फोडत होता.

“झाकण सैल आहे, सेल पोरं गिळतात, बघा. अख्खं टाकलं तर कचऱ्यातून कोणीतरी पोरासाठी उचलणार. तुमचं कुठाय?”

मी सांगितलं. त्याने हातोडी ठेवली, शटर ओढलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

“चला, मावशींचं घर दाखवा. कचऱ्यातून उचलणाऱ्याला माहीत तरी नसतं. तुम्ही नोटीस वाचून दिलंत.”