राव सरांचा पासवर्ड

खंडेनवमीला लॅपटॉपला गंध लावताना चंदनाचा वास आला, की मैलापूरच्या ऑफिसातली थंडगार सर्व्हर रूम आठवते. तिथले राव सर तंजावरकडचे मराठी. पगार, रजा, स्टोअर असं प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरवर त्यांनीच बसवलेलं, आणि कोणाला कुठे शिरता येईल तेही त्यांनीच ठरवलेलं. कंपनीने त्यांना काढलं आणि त्यांच्या जागी मला घेतलं.

त्यांचा शेवटचा दिवस आयुधपूजेचा, म्हणजे तिकडच्या खंडेनवमीचा होता. मशीनला गंध लावून ते म्हणाले, "आता माझं नाव काढ. सगळीकडून."

मी परवानग्यांच्या यादीतून त्यांच्या नावाच्या ओळी पुसल्या आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. मग सरांनी स्वतःचा पासवर्ड टाकला. पडद्यावर उमटलं, प्रवेश नाही. त्यांनी पुन्हा टाकला, या वेळी एकेक अक्षर सावकाश दाबत. पुन्हा तेच.

"सरी," ठीक आहे, असं ते तमिळमध्ये पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर केलंस." आणि बोटावरचं चंदन रुमालाला पुसत राहिले.

सर माझं काम तपासताहेत, असंच मला तेव्हा वाटलं होतं. आज त्यांच्या वयाला पोचल्यावर कळतं, तपासायला एकदा टाकला असता तरी पुरलं असतं.